पॉवर बीआय : आलेख बेताचे, इंजिन अव्वल

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या, माहितीचे विश्लेषण करून अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरची पहिली ओळख बहुतेकांना त्याच्या आलेखांतून होते. एक्सेलची फाईल जोडावी, उजवीकडच्या यादीतून दोन स्तंभ ओढून कोऱ्या पानावर सोडावेत आणि काही क्षणांत रंगीत स्तंभालेख उभा राहावा, अशी प्रात्यक्षिके सर्वत्र दाखवली जातात आणि त्यांत खोटे काही नसते. मात्र त्यांवरून हे सॉफ्टवेअर म्हणजे चित्रे काढण्याचे सोपे साधन आहे असा जो समज होतो, तो ते घेण्याचा निर्णय करणाऱ्यालाही महागात पडतो आणि त्यावर रोज काम करणाऱ्यालाही. आलेख काढण्याचे साधन म्हणून पाहिले तर पॉवर बीआय मध्यम दर्जाचे आहे. अनेक ठिकाणांहून आलेली माहिती जुळवून, तिच्यातील संबंध एकदाच नीट मांडून, त्यावर हव्या त्या अंगाने हिशेब करून देणारे इंजिन म्हणून पाहिले, तर मात्र त्याच्या तोडीची साधने मोजकीच आहेत. आणि जेथे ते फसलेले दिसते, तेथे बहुधा सगळा वेळ रंगांवर आणि मांडणीवर गेलेला असतो व मॉडेलकडे, म्हणजे तक्ते, त्यांतील संबंध आणि हिशेब यांच्या मांडणीकडे, कोणी पाहिलेलेच नसते.

याचे कारण त्याच्या जन्मकथेत सापडते. 2010 साली एक्सेलसाठी पॉवर पिव्हट नावाचे जोडसाधन आले. एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळींपेक्षा जास्त काही मावत नाही. पॉवर पिव्हटने ही मर्यादा ओलांडून त्याहून कितीतरी अधिक ओळी संगणकाच्या मेमरीत दाबून बसवण्याची आणि त्यांवर डॅक्स या नव्या सूत्रभाषेत हिशेब करण्याची सोय दिली. पुढे माहिती आणून स्वच्छ करणारे पॉवर क्वेरी त्याला येऊन मिळाले. ही सगळी यंत्रणा एक्सेलबाहेर काढून, तिला आलेखांचे पान आणि क्लाउडवरील सेवा जोडून, मायक्रोसॉफ्टने जुलै 2015 मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुले केले. म्हणजे इंजिन आधी तयार होते आणि आजचे आलेखांचे पान त्यावर नंतर चढले. उत्पादनाचा कोणताही भाग वापरताना हा क्रम आजही जाणवतो.

या इंजिनाचे नाव व्हर्टिपॅक. व्यवहार नोंदवणारे नेहमीचे डेटाबेस माहिती ओळीओळीने साठवतात, कारण त्यांना एका व्यवहाराची पूर्ण नोंद एका वेळी लिहायची किंवा वाचायची असते. व्हर्टिपॅक तीच माहिती स्तंभास्तंभाने साठवते, कारण अहवालाला चाळीस स्तंभांपैकी तीन-चारच लागतात, पण ते लाखो ओळींचे लागतात. प्रत्येक स्तंभातील वेगवेगळ्या मूल्यांचा एक कोश तयार होतो, मूळ मूल्यांच्या जागी त्या कोशातील लहान क्रमांक बसतात, आणि तोच क्रमांक सलग येत असेल तर ‘हा एवढ्या वेळा’ अशा एकाच नोंदीत तो आटोपतो. त्यामुळे ‘विभाग’ किंवा ‘उत्पादनाचा प्रकार’ यांसारखे स्तंभ कितीही ओळी असल्या तरी नगण्य जागा घेतात, तर व्यवहार क्रमांकासारखा, प्रत्येक ओळीत नवे मूल्य असलेला स्तंभ एकटाच फाईलचा मोठा हिस्सा गिळतो. हे एकदा कळले की मॉडेल हलके करण्याचे उपाय आपोआप सुचू लागतात. तारीख आणि वेळ एकाच स्तंभात सेकंदापर्यंत साठवलेली असेल तर ती दोन स्तंभांत तोडावी. वर्षाच्या तारखा 365 आणि दिवसाचे सेकंद 86,400 असतात, पण दोन्ही एकत्र ठेवल्यास वेगवेगळ्या मूल्यांची शक्य संख्या तीन कोटींच्या पुढे जाते. अहवालात न लागणारा स्तंभ आत आणूच नये. आणि ‘ऑटो डेट टाइम’ ही सुरुवातीपासून चालू असणारी सोय बंद करावी, कारण ती तारखेच्या जवळजवळ प्रत्येक स्तंभासाठी एक लपलेले कॅलेंडर तयार करते, आणि तो स्तंभ जन्मतारखेचा असेल तर ते कॅलेंडर कित्येक दशकांचे होते. मोठ्या झालेल्या फाईलची तक्रार घेऊन आलेल्यांना मी प्रथम हेच तीन प्रश्न विचारतो, आणि सहसा चौथ्याची गरज पडत नाही.

मॉडेलची दुसरी बाजू म्हणजे तक्त्यांची रचना. एक्सेलची सवय असलेला माणूस सगळे काही एका लांबरुंद तक्त्यात घेऊन येतो: विक्रीच्या प्रत्येक ओळीसमोर ग्राहकाचे नाव, त्याचा पत्ता, वस्तूचे नाव, तिचा गट, विक्रेत्याचे नाव आणि त्याचा वरिष्ठ. पॉवर बीआय असा तक्ता स्वीकारते, त्यावर आलेखही काढून देते, आणि म्हणूनच चूक उशिरा लक्षात येते. योग्य रचनेत घडलेल्या घटनांचा, म्हणजे विक्रीचा, हजेरीचा किंवा तक्रारींचा, एक तक्ता मध्यभागी असतो आणि ज्यांच्या आधारे त्या घटना पाहायच्या त्या ग्राहक, वस्तू, ठिकाण व दिनांक यांचे तक्ते त्याच्याभोवती असतात. फिल्टर बाहेरच्या तक्त्यांकडून मधल्या तक्त्याकडे वाहतो. या रचनेला तारा-रचना म्हणतात. तिच्यात विक्री आणि उद्दिष्ट हे दोन वेगळे तक्ते एकाच दिनांक-तक्त्याला जोडता येतात, त्यामुळे त्यांची तुलना कोणत्याही खटपटीशिवाय होते. एकाच रुंद तक्त्यात ही तुलना करायला गेल्यास उद्दिष्टाची रक्कम प्रत्येक ओळीवर पुन्हा पुन्हा येते आणि बेरीज अवास्तव फुगते. एखादा संबंध अडला की पॉवर बीआय दोन्ही दिशांनी फिल्टर वाहू देण्याचा पर्यायही देते. हा पर्याय क्वचित योग्य असतो, पण बहुतेकदा तो रचनेतील दोष झाकण्यासाठी वापरला जातो, आणि मग एकाच आकड्याकडे जाणाऱ्या दोन वाटा तयार होऊन कोणता फिल्टर कोठून लागला हे सांगणे कठीण होते.

माहिती आत आणण्याचे काम पॉवर क्वेरीकडे आहे आणि माझ्या मते नवख्या माणसाला सर्वांत लवकर फळ देणारा भाग हाच. दर महिन्याला त्याच साच्यात येणाऱ्या फाईली एका फोल्डरमधून उचलणे, वरच्या निरुपयोगी ओळी काढणे, आडवे पसरलेले महिन्यांचे स्तंभ उभे करणे, दोन याद्या जुळवणे, ही हाताने तासन्‌तास चालणारी कामे येथे एकदा पायऱ्यांच्या रूपात नोंदवली की पुढे रिफ्रेशच्या, म्हणजे माहिती ताजी करण्याच्या, एका आज्ञेवर होतात. प्रत्येक पायरी उजव्या बाजूला दिसते, मधल्या कोणत्याही पायरीवर जाऊन तेथपर्यंतची स्थिती पाहता येते, आणि मूळ फाईलला धक्का लागत नाही. मागे एम नावाची भाषा चालत असते, पण ती न शिकताही बरेच अंतर कापता येते.

तरीही त्याचे दोन-तीन स्वभावदोष माहीत असावेत. फाईल जोडताच पॉवर क्वेरी स्वतःहून स्तंभांचे प्रकार ओळखण्याची एक पायरी घालते आणि त्या पायरीत स्तंभांची नावे जशीच्या तशी लिहिलेली असतात. पुढच्या महिन्यात कोणी शीर्षकात एखादी मोकळी जागा जरी जास्त सोडली, तरी रिफ्रेश तेथेच थांबते. मूळ माहिती डेटाबेसमध्ये असेल तर पॉवर क्वेरी आपल्या पायऱ्या शक्य तेवढ्या डेटाबेसच्याच भाषेत रूपांतरित करून तिकडेच चालवते, त्यामुळे कमी माहिती प्रवास करते; मात्र मध्येच एखादी अशी पायरी घातली जी रूपांतरित होऊ शकत नाही, तर त्यापुढचे सगळे काम पॉवर क्वेरीला स्वतः करावे लागते आणि दोन मिनिटांचे रिफ्रेश अर्ध्या तासावर जाऊ शकते. म्हणून गाळण्याच्या पायऱ्या आधी आणि कलाकुसरीच्या नंतर, हा क्रम पाळावा. तिसरा दोष अधिक कपटी आहे. रोमन लिपीतील मोठी आणि लहान अक्षरे पॉवर क्वेरीला वेगळी वाटतात, पण व्हर्टिपॅकला ती सारखीच वाटतात. त्यामुळे ग्राहकांच्या संकेतांक-यादीतून पुनरावृत्ती काढून टाकल्यावरही मॉडेल ‘या स्तंभात पुनरावृत्ती आहे’ असे सांगून संबंध जोडायला नकार देते, आणि वापरणारा चक्रावतो.

आता डॅक्सकडे. पॉवर बीआय शिकताना माणसे जेथे थांबतात ती जागा हीच, आणि जी माणसे तिच्या पुढे जातात त्यांना उरलेले सगळे उत्पादन दुय्यम वाटू लागते. सूत्रे दिसायला एक्सेलसारखी असतात, नावेही पुष्कळशी तीच, पण विचार वेगळा आहे. एक्सेलमधील सूत्र ठरावीक चौकटींकडे बोट दाखवते. डॅक्समधील मेजर, म्हणजे नाव देऊन मॉडेलमध्ये ठेवलेले हिशेबाचे सूत्र, कोणत्याच चौकटीकडे दाखवत नाही, तर ‘आत्ता जेथे मला विचारले जात आहे तेथे लागू असलेल्या फिल्टरांच्या आत हिशेब कर’ एवढेच सांगते. एकच मेजर तक्त्याच्या प्रत्येक खान्यात, प्रत्येक आलेखात आणि प्रत्येक स्लायसरच्या (पानावरील फिल्टर निवडण्याच्या चौकटीच्या) निवडीसह नव्याने मोजला जातो. ‘कॅल्क्युलेट’ हे सूत्र या फिल्टरांमध्ये बदल करून हिशेब करते, आणि व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक अर्थपूर्ण प्रश्न, म्हणजे एकूणातील वाटा, गेल्या वर्षाशी तुलना, फक्त नव्या ग्राहकांची विक्री, शेवटी त्या एका सूत्राभोवती येऊन थांबतो.

या विचारपद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम म्हणजे ‘एकूण’ची ओळ चुकते अशी तक्रार. समजा, पहिल्या महिन्यात 100 वेगवेगळ्या ग्राहकांनी खरेदी केली, दुसऱ्यात 120 जणांनी, आणि त्यांपैकी 70 जण दोन्ही महिन्यांत आले. तक्त्यात 100 आणि 120 यांच्याखाली एकूण म्हणून 150 दिसते. वरिष्ठ लगेच विचारतात की बेरीज 220 का नाही. पॉवर बीआय येथे बेरीज करतच नाही. एकूणच्या खान्यात महिन्याचा फिल्टर नसतो, म्हणून ते दोन्ही महिने मिळून किती वेगवेगळे ग्राहक आले हे नव्याने मोजते, आणि ते 150 च आहेत. सरासरी, टक्केवारी आणि गुणोत्तरे यांनाही हेच लागू होते, आणि तेथे वरच्या ओळींची बेरीज करणे निव्वळ चूक ठरली असती. मला हे उत्पादनाचे वैगुण्य वाटत नाही, उलट त्याच्या शिस्तीचे लक्षण वाटते. मात्र ही गोष्ट अहवाल पाहणाऱ्याला समजावून सांगण्याचे काम अहवाल बनवणाऱ्यावरच येते, कारण सॉफ्टवेअर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

काळाशी संबंधित सूत्रांची गोष्टही अशीच. ‘सेम पिरियड लास्ट इयर’ हे सूत्र लिहायला एका ओळीचे आहे, पण त्याला खंड नसलेला, पूर्ण वर्षांचा स्वतंत्र दिनांक-तक्ता लागतो. तो असला तरी चालू महिन्यात फसगत होऊ शकते: महिन्याच्या 12 तारखेला अहवाल उघडला तर यंदाचे आकडे 12 दिवसांचे असतात, आणि दिनांक-तक्ता वर्षअखेरपर्यंत असल्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा पूर्ण महिन्याचा येतो. पानावर लाल बाण झळकतो, बैठकीत चिंता पसरते, आणि प्रत्यक्षात काहीच बिघडलेले नसते. शेवटच्या उपलब्ध तारखेपर्यंतच तुलना करणारी अट मेजरमध्ये हाताने घालावी लागते. हे सगळे शिकायला काही महिने जातात, आणि संस्थेने तो वेळ गृहीत धरला नसेल तर हे उत्पादन घेऊ नये असे मी स्पष्ट म्हणेन.

आलेखांच्या बाबतीत माझे मत सुरुवातीलाच सांगितले आहे. स्तंभालेख, रेषालेख, विखुरलेले बिंदू, नकाशे, तक्ते, सगळे आहे, आणि छोट्या आलेखांची जाळी करण्याची सोय 2020 च्या अखेरीस आल्यापासून तुलना दाखवणे सुकर झाले आहे. एका आलेखातील स्तंभावर क्लिक करताच पानावरील इतर सर्व आलेख त्यानुसार बदलतात, हा अनुभव खरोखर उत्तम आहे, आणि तो मुळात मॉडेलमधील संबंधांमुळे शक्य होतो. एखाद्या आकड्यावरून त्याच्या तपशिलाच्या पानावर उडी मारणे आणि आलेखावर माऊस नेताच दुसरे छोटे पान उघडणे, या सोयीही विचारपूर्वक केलेल्या आहेत. पण मनात असलेला आलेख जसाच्या तसा कागदावर उतरवण्याची मोकळीक येथे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून 2003 साली उभे राहिलेले टॅब्लो हे प्रतिस्पर्धी उत्पादन आलेखाला स्वतंत्र भाषा मानते आणि तिचे घटक सुटे करून हाती देते. पॉवर बीआय तयार साचे देते आणि त्यांचे शेकडो खटके एका लांबलचक पट्टीत घड्या घालून ठेवते. अक्षाचा आकार बदलण्याचा खटका कोणत्या घडीत आहे हे आठवण्यात वेळ जातो, आणि मासिक अद्ययावतीकरणात त्या घड्यांची जागा बदलली की ती आठवणही निकामी होते.

साच्यांची निवडही विचारात टाकणारी आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रयोगांती दाखवून दिले होते की एकाच मोजपट्टीवरील स्थानांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो, आणि कोन व क्षेत्रफळ यांच्या बाबतीत तो अधिक चुकतो. असे असूनही गोल चकती, कंकणाकृती आलेख आणि काट्याची तबकडी हे प्रकार यादीत ठळकपणे बसलेले आहेत, तर उद्दिष्ट व प्रत्यक्ष कामगिरी कमी जागेत दाखवणारा बुलेट आलेख मूळ यादीत नाही. (तबकडी अर्धे पान अडवून एकच आकडा सांगते, पण सादरीकरणात तिचे कौतुक हमखास होते.) इतरांनी बनवलेले आलेख-प्रकार जोडता येतात, ते जोडताना मायक्रोसॉफ्टने प्रमाणित केलेलेच घ्यावेत, कारण प्रमाणित प्रकार माहिती बाहेरच्या कोणत्याही सेवेकडे पाठवत नाहीत याची तपासणी झालेली असते. पानावरील आलेखांची संख्याही आटोक्यात ठेवावी. प्रत्येक आलेख इंजिनाला किमान एक प्रश्न विचारतो, आणि तीस चौकटींनी भरलेले पान उघडताना तीसहून अधिक प्रश्न एकदम जातात. कोणत्या चौकटीला किती वेळ लागला हे डेस्कटॉपमधील, म्हणजे अहवाल बनवण्यासाठी संगणकावर बसवायच्या प्रोग्राममधील, परफॉर्मन्स अ‍ॅनलायझर मिलिसेकंदांत दाखवतो, तेव्हा ‘सॉफ्टवेअर हळू आहे’ असे म्हणण्यापूर्वी तो एकदा चालवून पाहावा.

माहिती आत आणून साठवावी की प्रत्येक वेळी मूळ डेटाबेसलाच विचारावे, हा निर्णय प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला घ्यावा लागतो. दुसऱ्या पद्धतीला डायरेक्ट क्वेरी म्हणतात. ताजे आकडे मिळतात म्हणून ती अनेकांना आकर्षक वाटते, पण मग व्हर्टिपॅकचा वेग हातातून जातो, प्रत्येक क्लिकचा भार मूळ सर्व्हरवर पडतो, आणि एका प्रश्नाच्या उत्तरात मूळ स्रोताकडून सर्वसाधारणपणे दहा लाखांपेक्षा जास्त ओळी घेता येत नाहीत. ज्यांना दिवसातून काही वेळा ताजे झालेले आकडे पुरतात, आणि बहुसंख्य लोकांना ते पुरतात, त्यांनी माहिती आत साठवण्याचाच मार्ग धरावा. 2023 साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फॅब्रिक या क्लाउडवरील व्यापक माहिती-व्यवस्थेत डायरेक्ट लेक ही तिसरी वाट आहे. ती स्तंभरूपात आधीच साठवलेल्या फाईली थेट इंजिनात उचलते, मात्र त्यासाठी माहिती फॅब्रिकमधून उपलब्ध असावी लागते.

क्लाउडवरील सेवेच्या मर्यादा जाहिरातीत दिसत नाहीत, पण रोजच्या कामात त्यांचीच गाठ पडते. प्रो या माणशी घ्यायच्या सशुल्क परवान्यावर एका मॉडेलचा आकार 1 जीबीपर्यंत असू शकतो आणि दिवसातून 8 वेळा ठरलेल्या वेळी रिफ्रेश करता येते. वरच्या स्तरावर ही संख्या 48 होते. प्रो स्तरावर एक रिफ्रेश 2 तासांत आटोपले नाही तर ते रद्द होते. सलग चार वेळा रिफ्रेश अयशस्वी झाले की वेळापत्रकच बंद पडते, आणि दोन महिने त्या मॉडेलवरील काहीच कोणी उघडले नाही तर ते थांबवले जाते, जे खरे तर एक उपयुक्त संकेत मानायला हरकत नाही. माहिती कार्यालयातील सर्व्हरवर असेल तर गेटवे नावाचा प्रोग्राम सदैव चालू राहणाऱ्या संगणकावर बसवावा लागतो. तो एखाद्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर बसवला, तर त्या कर्मचाऱ्याची सुट्टी ही सगळ्या अहवालांची सुट्टी ठरते. मोठ्या तक्त्यांसाठी जुन्या महिन्यांना हात न लावता फक्त अलीकडचा भाग ताजा करण्याची सोय प्रो परवान्यावरही मिळते, आणि ती वापरली की वरच्या बहुतेक मर्यादा बोचत नाहीत.

सुरक्षेच्या बाबतीत उत्पादन सक्षम आहे, पण गाफील माणसाला ते सावध करत नाही. कोणत्या व्यक्तीला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम मॉडेलमध्येच लिहिता येतात, आणि लॉगिन केलेल्याच्या ओळखीवरून प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त त्याच्या विभागाचे आकडे दाखवणारा एकच अहवाल बनवता येतो. मात्र हे नियम वर्कस्पेसमध्ये, म्हणजे सेवेवरील अहवालांच्या सामायिक जागेत, फक्त ‘व्ह्यूअर’ भूमिका असलेल्यांनाच लागू होतात. सोयीसाठी कोणाला ‘मेंबर’ किंवा ‘कॉन्ट्रिब्युटर’ केले, की त्याला सगळ्या ओळी दिसतात. एखादा स्तंभ अहवालकर्त्याच्या यादीतून लपवणे म्हणजे तो सुरक्षित करणे नव्हे. त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. आणि ‘पब्लिश टू वेब’ या पर्यायाने तयार होणारा दुवा कोणत्याही लॉगिनशिवाय जगात कोणालाही उघडता येतो, तेव्हा संस्थेच्या प्रशासकाने तो पर्याय बंद ठेवला आहे की नाही हे पहिल्याच दिवशी तपासावे.

अनेकांनी मिळून काम करण्याची बाजू दीर्घकाळ दुबळी होती. डेस्कटॉपमधले काम पीबीआयएक्स या एकाच बंद फाईलमध्ये साठत असल्यामुळे दोघांना एका वेळी तिच्यावर काम करता येत नसे, आणि कालच्या व आजच्या फाईलमध्ये नेमके काय बदलले हे कळत नसे. 2023 पासून प्रकल्प-स्वरूपात साठवण्याची सोय आली, जिच्यात मॉडेल आणि अहवाल वाचता येण्याजोग्या मजकुराच्या फाईलींत उतरतात आणि गिटसारख्या, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत ठेवता येतात. सुधारणा मोठी आहे, पण ती वापरण्यासाठी अहवाल बनवणाऱ्याला थोडे प्रोग्रामरसारखे वागावे लागते. डेस्कटॉप आजही फक्त विंडोजवर चालतो; मॅकवर काम करणाऱ्यांसाठी ब्राउझरमधील संपादन आहे, पण ते डेस्कटॉपची पूर्ण जागा घेत नाही.

परवान्यांची रचना नीट वाचूनच पुढे जावे. डेस्कटॉप विनाशुल्क आहे, पण तयार अहवाल इतरांना दाखवायचा म्हटले की बनवणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला, दोघांनाही प्रो परवाना लागतो. फॅब्रिकची क्षमता, म्हणजे संस्थेसाठी राखून घेतलेली संगणनशक्ती, एफ 64 या आकाराची किंवा त्यावरची घेतली तरच पाहणाऱ्यांना वेगळा सशुल्क परवाना लागत नाही. मधल्या ‘प्रीमियम पर यूजर’ स्तरावर ठेवलेला अहवाल पाहण्यासाठी पाहणाऱ्याकडेही तोच परवाना असावा लागतो, आणि येथेच अनेकांचे अंदाजपत्रक चुकते. म्हणून आधी पाहणाऱ्यांची संख्या मोजावी आणि मग स्तर निवडावा. कोपायलट हे एआय सहायक नुसता प्रो परवाना असून मिळत नाही, त्याला सशुल्क क्षमता लागते. आणि मॉडेलमधील स्तंभांची नावे संकेताक्षरांची असतील तर त्याच्याकडूनही समंजस उत्तराची अपेक्षा करू नये.

पर्यायांचा विचार करायचा तर ज्यांचे मुख्य काम माहितीचा शोध घेत नवनवे आलेख रचणे हे आहे, त्यांना 2019 पासून सेल्सफोर्सच्या मालकीचे असलेले टॅब्लो अधिक मानवेल. 1993 साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या क्लिकची खासियत अशी की निवडीशी संबंध नसलेली मूल्ये ते करड्या रंगात दाखवते, म्हणजे कोणत्या ग्राहकाने ही वस्तू घेतली नाही हेही न विचारता कळते; हे पॉवर बीआयमध्ये मुद्दाम सूत्र लिहून करावे लागते. गूगलच्या लुकरमध्ये मॉडेल मजकुराच्या रूपात लिहिले जाते, म्हणून अभियंत्यांच्या चमूंना ते जवळचे वाटते. परवाना-शुल्क नकोच असेल तर मेटाबेस आणि एअरबीएनबीमध्ये 2015 साली सुरू झालेले अपाची सुपरसेट हे मुक्तस्रोत पर्याय आहेत, परंतु सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी मग आपली, आणि डॅक्सच्या ताकदीचे त्यांत काही नाही.

राहता राहिला एक्सेलचा प्रश्न. अहवाल कितीही देखणा केला तरी लेखा विभाग शेवटी विचारतो की हे एक्सेलमध्ये मिळेल का. आलेखातून माहिती बाहेर काढल्यास एक्सेल फाईलमध्ये 1,50,000 आणि सीएसव्हीमध्ये 30,000 ओळींपर्यंतच ती येते, आणि बाहेर पडताच ती शिळी होऊ लागते. त्यापेक्षा एक्सेलमधूनच सेवेवरील मॉडेलला जोडून घ्यावे आणि त्यावर पिव्हट तक्ता मांडावा. तेच मेजर, तेच दिनांक, ओळींवरील तेच निर्बंध तेथेही लागू राहतात, आणि ताजे आकडे हवे असतील तेव्हा फक्त रिफ्रेश करावे लागते. चांगले मॉडेल असलेल्या कार्यालयात असे लोक पुष्कळ आढळतात जे पॉवर बीआयचा एकही आलेख उघडत नाहीत, पण महिनाअखेरीचा ताळमेळ मात्र त्याच मॉडेलवर बसवतात.